मोरीपासून भट्टीपर्यंत

इंग्रजी अमदानीत खडकीसारख्या लष्करी छावण्यांत साहेबांच्या बंगल्यांवर अस्पृश्य माणसे बटलर, आचारी म्हणून राबली, हुन्नर शिकली. गावच्या हॉटेलात मात्र त्यांचा कपही वेगळा. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने गिऱ्हाईक म्हणून टेबल, कपबशी खुली केली. १९७६ च्या दुरुस्तीने कोणत्याही नोकरीत अस्पृश्यतेपायी आडकाठी करणे गुन्हा ठरविले. पण खडकी बाजार असो वा अन्य कुठले गाव, हॉटेलातील भरती बहुधा नात्यागोत्याच्या ओळखीने होते. फडके मारणारा पोऱ्या वेटर होतो, मग भट्टीवर, पुढे गल्ल्यावर जातो. हीच त्याची शाळा. ज्याला मोरीवरच ठेवले, तो टिकेल कशाला? ‘पोरे टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या मालकाला म्हणूनच विचारले पाहिजे : आजवर भट्टीपर्यंत कुणाकुणाला नेलेत?