पाळीव मासे आपल्या मालकास ओळखतात काय? : एक विवेचन (विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके)

प्रस्तावना :

मानव आणि प्राणी यांचे साहचर्य फार जुने आहे. बैल आपल्या धन्याचा आवाज ओळखतो, गाय धार काढणाऱ्या हाताचा स्पर्श ओळखते आणि कुत्रा घरच्या माणसाची चाहूल दुरूनच घेतो, हा ग्रामीण महाराष्ट्राचा नित्याचा अनुभव होय. माशाच्या बाबतीत मात्र असा विश्वास सहसा व्यक्त होत नाही. माशाची स्मृती काही सेकंदांचीच असते, असा समज सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. याउलट ज्यांच्या घरी मत्स्यालय आहे, ते मात्र "आमचा मासा आम्हाला ओळखतो, आम्ही समोर आलो की काचेजवळ धावत येतो" असे ठामपणे सांगतात. या दोन परस्परविरोधी मतांपैकी कोणते शास्त्राच्या कसोटीस उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. माशाच्या वर्तनाचा अर्थ चुकीचा लावल्यास त्याची किंमत माशाला जिवाने मोजावी लागते, म्हणून त्याला व्यावहारिक महत्त्वही आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड ही दोन्ही गावे नदीच्या आश्रयाने वाढली. या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. पुण्याहून येणारी मुळा-मुठा नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. महाशीर माशाच्या 'टॉर खुद्री' या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याच्या पूर्वेकडील याच मुळा-मुठेतील माशांवरून. उजनी धरणाचा जलाशय दौंड तालुक्यापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे मासा हा येथील लोकांना परका नाही. मात्र नदीतील मासा आणि दिवाणखान्यातील मासा यांच्याकडे पाहण्याची दृष्टी भिन्न आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे वाढलेल्या नागरी वस्तीत गोल्डफिश, गप्पी, मॉली, फायटर, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न अशा शोभेच्या माशांना घराघरांत स्थान मिळाले आहे.

माशाची ज्ञानेंद्रिये :

ओळखण्यासाठी प्रथम जाणीव होणे आवश्यक असते. माशाची ज्ञानेंद्रिये या दृष्टीने पुष्कळ समर्थ आहेत.

१) दृष्टी : मानवी दृष्टिपटलात रंगज्ञानासाठी तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. गोल्डफिशमध्ये त्या चार प्रकारच्या असून त्यास अतिनील किरणही दिसतात. काचेबाहेरील हालचाल, आकार आणि कपड्यांचा रंग त्यास जाणवतो.

२) श्रवण : रोहू, कटला व गोल्डफिश हे एकाच कुळातील मासे होत. त्यांच्या शरीरात वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. तिच्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते.

३) पार्श्वरेखा : माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही संवेदनरेखा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. टाकीला झालेला स्पर्श किंवा झाकण उघडताना पाण्यास बसणारा हिसका माशास या मार्गाने कळू शकतो.

अभिसंधान आणि स्मृती :

एखाद्या खुणेपाठोपाठ वारंवार अन्न मिळत गेल्यास केवळ त्या खुणेनेच प्राणी प्रतिसाद देऊ लागतो. मानसशास्त्रात या प्रक्रियेस अभिसंधान असे म्हणतात. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली आपल्या एका मार्जारमत्स्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. या माशास डोळे नव्हते व तो मातीच्या नळीत राहत असे. शीळ घालून त्यास अन्न देण्याचा क्रम काही दिवस चालविल्यावर तो केवळ शिळेच्या आवाजाने नळीबाहेर येऊ लागला. मासे ऐकतात आणि शिकतात, हे यातून स्पष्ट झाले.

स्मृतीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील कलम ब्राउन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले संशोधन उल्लेखनीय आहे. टाकीतून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातील निसटण्याची वाट 'रेनबोफिश' या लहान माशांनी थोड्याच प्रयत्नांत शोधली आणि अकरा महिन्यांनंतरही ती त्यांच्या लक्षात होती. सेकंदांच्या स्मृतीचा समज यामुळे निराधार ठरतो.

व्यक्तीची ओळख : प्रयोगांचे निष्कर्ष

तथापि अन्नाची खूण ओळखणे आणि विशिष्ट व्यक्तीस ओळखणे या दोन भिन्न बाबी आहेत. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे श्रद्धेमुळे संरक्षण लाभलेले महाशीर मासे आहेत. भाविकांनी खाद्य टाकताच ते गोळा होतात. भाविक रोज नवे असतात. तेव्हा येथे ओळख होते ती काठावरील माणसाच्या आकृतीची आणि अन्नाची. कोणा एका व्यक्तीची ओळख त्यातून सिद्ध होत नाही.

व्यक्तीच्या ओळखीसंबंधी दोन प्रयोग विशेष महत्त्वाचे आहेत. ऑक्सफर्ड व क्वीन्सलँड विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ साली 'आर्चरफिश' या माशावरील प्रयोग प्रसिद्ध केला. हा मासा तोंडातून पाण्याची पिचकारी मारून कीटक पाडतो. टाकीच्या वर लावलेल्या पडद्यावरील एका मानवी चेहऱ्यावर पिचकारी मारल्यास त्यास खाद्य दिले जाई. पुढे तोच चेहरा ४४ अनोळखी चेहऱ्यांच्या तुलनेत दाखविला असता माशांनी सुमारे ८१ टक्क्यांपर्यंत अचूक निवड केली. रंग व डोक्याची ठेवण यांतील फरक काढून टाकल्यावरही हे प्रमाण सुमारे ८६ टक्के राहिले. माशाच्या मेंदूत सस्तन प्राण्यांसारखे विकसित बाह्यक नसते. असे असूनही चेहऱ्यांतील सूक्ष्म भेद तो शिकू शकतो, ही बाब लक्षणीय होय.

दुसरा प्रयोग जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटाजवळ केला व तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. समुद्रातील मुक्त मासे खाऊ घालणाऱ्या पाणबुडीच्या मागे जाण्यास शिकले. वेगळा पोशाख केलेल्या दोन व्यक्तींपैकी खाऊ देणारी कोण, हे त्यांनी ओळखले. दोघींचा पोशाख सारखाच करताच मात्र हा भेद त्यांना करता आला नाही. म्हणजेच त्यांची ओळख प्रामुख्याने पोशाखाच्या खुणांवर आधारलेली होती.

या दोन्ही प्रयोगांचा एकत्रित विचार करता असे म्हणता येईल की, चेहरा ओळखण्याची क्षमता निदान काही माशांमध्ये आहे. परंतु रोजच्या व्यवहारात मासा त्यास सोप्या वाटणाऱ्या खुणांचा, म्हणजे रंग, आकृती, हालचाल व वेळ यांचा आधार घेतो.

घरी करता येण्याजोगी चाचणी :

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याची पडताळणी अल्प साधनांनी करता येईल. रोज खाद्य देणारी एक व्यक्ती आणि कधीही खाद्य न देणारी एक व्यक्ती निवडावी. दोघांनी सारखे कपडे घालून, खाद्याचा डबा हाती न घेता, आळीपाळीने टाकीसमोर उभे राहावे. क्रम नाणे उडवून ठरवावा. मासा काचेजवळ येण्यास किती सेकंद लागतात, याची नोंद प्रत्येकी दहा वेळा करावी. चाचणीच्या वेळी खाद्य देऊ नये. दोघांना मिळणारा प्रतिसाद सारखाच असल्यास मासा 'माणूस' ओळखतो, 'मालक' नव्हे. प्रतिसादात सातत्याने फरक दिसल्यास चेहरा झाकून, नंतर चालण्याची ढब बदलून चाचणी पुन्हा करावी. म्हणजे ओळखीचा नेमका आधार कोणता, हे कळू शकेल.

वर्तनाचा चुकीचा अर्थ आणि त्याचे परिणाम :

मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागला की तो आपणास बोलावतो आहे, असे मालकास वाटते. प्रत्यक्षात त्याची तीन कारणे संभवतात : खाद्याची अपेक्षा, सवय अथवा प्राणवायूची कमतरता. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात व येथील उन्हाळा कडक असतो. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी वीज जाऊन हवेचा पंप बंद पडल्यास मासे वर येऊन धापा टाकतात. कामावरून परतलेला मालक ही धाप म्हणजे स्वागत समजतो आणि प्रेमाने खाद्य टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजते, अमोनिया वाढतो, प्राणवायू आणखी घटतो आणि सकाळी मासा मृत आढळतो. येथे प्रेम कमी पडलेले नसते, वर्तनाचा अर्थ लावण्यात चूक झालेली असते.

यावर उपाय साधे आहेत. खाद्य दिवसातून एकदा वा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. खाद्याची वेळ नसताना, टाकीसमोर कोणी नसतानाही मासे वर राहत असतील तर पाण्याचा काही भाग बदलावा व हवेची सोय करावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यातील क्लोरीन उडून गेल्यावरच वापरावे. गोल्डफिशसारखा मोठा होणारा मासा काचेच्या लहान गोल भांड्यात ठेवू नये. मासा येणे शिकतो तसेच घाबरून लपणेही शिकतो. वारंवार जाळीने पकडणारा किंवा काचेवर टिचक्या मारणारा हातही त्याच्या लक्षात राहतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कंटाळा आल्यावर पाळलेले मासे घोड किंवा भीमा नदीत सोडणे ही दया नव्हे. मत्स्यालयातील 'सकर' मासा उजनी जलाशयात पसरला असून त्याचा उपद्रव तेथील मच्छीमारांना सोसावा लागत आहे.

निष्कर्ष :

१) माशाची स्मृती क्षणिक नसून तो महिनोन्महिने शिकलेले लक्षात ठेवू शकतो.

२) घरातील मासा मालकास ओळखतो, हे विधान मर्यादित अर्थाने स्वीकारता येते. ही ओळख बहुधा मालकाशी निगडित खुणांची असते. काही जाती मानवी चेहराही ओळखू शकतात.

३) मासा जवळ येतो यावरून त्याच्या स्नेहाचे अनुमान काढण्यास पुरेसा आधार नाही.

४) मासा आपणास किती ओळखतो, यापेक्षा आपण माशाची भूक, सवय आणि धाप यांतील फरक किती ओळखतो, यावर त्याचे जगणे अवलंबून आहे. मासा आपल्या घरी स्वतःहून आलेला नसतो, आपण त्यास आणलेले असते. म्हणून ही ओळख करून घेण्याची पहिली जबाबदारी मालकाचीच ठरते.