इंजिनावरील नवी नोकरी : तिचें वेतन व तिची झोंप

मनमाडच्या मुलांस आगगाडीचें नवल नाहीं. वर्गांत गणित चाललें असतां भोंगा ऐकूं आला, तर गाडी भुसावळकडून आली कीं दौंडकडून, हें मागच्या बांकावरील विद्यार्थी खिडकीकडे न पाहतां सांगतो. तथापि त्याच गाडीच्या अग्रभागीं कांचेमागें बसलेलीं दोन माणसें महिन्यास काय मिळवितात, केव्हां जेवतात आणि केव्हां निजतात, असें विचारलें तर वर्ग एकदम शांत होतो. गेल्या वर्षीं एक पालक आमच्याकडे आले होते. "मुलगा पायलट होईन म्हणतो. विमानाचा व्हावा कीं रेल्वेचा, तें तुम्हीच सांगा," असें ते म्हणाले. रेल्वेनें आपल्या चालकांस 'लोको पायलट' हें नांव दिल्यापासून हा घोटाळा घरोघर होऊं लागला आहे. त्या गृहस्थांस आम्हीं त्या दिवशीं अर्धवट उत्तर दिलें. तें येथें पुरें करावें, असा विचार आहे.

विमानाची बाब आधीं उरकून घेऊं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास निदान २०० तासांचें उड्डाण लागतें. त्याचें शिक्षण आपल्या राज्यांत गोंदिया, बारामती, धुळें अशा ठिकाणीं मिळतें. परंतु त्याचा खर्च लाखांच्या घरांत जातो, आणि परवाना मिळाल्यावर ज्या जातीचें विमान चालवावयाचें त्याचें निराळें शिक्षण बहुधा पुन्हां स्वतःच्याच पैशानें घ्यावें लागतें. पहिला पगार रेल्वेच्या पहिल्या पगाराहून पुष्कळ मोठा असतो, यांत शंका नाहीं. मात्र ज्या घरानें कर्ज काढलेलें असतें, त्या घराच्या दारांत तो पगार येण्यापूर्वींच हप्ता उभा असतो.

रेल्वेची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें प्रवेशास मॅट्रिक व आय.टी.आय., किंवा अभियांत्रिकीची पदविका पुरते, आणि निवड झाल्यावर शिक्षणकाळांतही विद्यावेतन मिळतें. प्रथम पद सहायक लोको पायलटाचें. २०२४ सालीं या पदाच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली होती; पुढें ती संख्या १८,७९९ करण्यांत आली. दोन लेखी परीक्षा, त्यानंतर लक्ष व तत्परता तपासणारी संगणकावरील चांचणी, आणि अखेरीस डोळे. चष्म्यावांचून पूर्ण दृष्टि पाहिजे, रंगांची ओळख निर्दोष पाहिजे, आणि चष्मा घालविण्यासाठीं शस्त्रक्रिया केलेले डोळे येथें चालत नाहींत. लेखी परीक्षेंत वरच्या क्रमांकानें उतरलेले तरुण या पायरीवर परत फिरतात. जे विद्यार्थी रात्रीं अंथरुणांत मोबाईल नाकाजवळ धरून बसतात, त्यांनीं एवढी ओळ पुन्हां एकदां वाचावी.

आतां पैसा. सातव्या वेतन आयोगानें १ जानेवारी २०१६ पासून या पदाचें आरंभींचें मूळ वेतन १९,९०० रुपये ठरविलें. जुलै २०२५ पासूनचा महागाई भत्ता ५८ टक्के. तो केवळ मूळ वेतनावर धरला तरी ११,५४२ रुपये होतो. म्हणजे बेरीज ३१,४४२. मनमाडसारख्या लहान गांवीं घरभाड्याचा भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्क्यांच्या हिशेबानें मिळतो. आणि तितकाच दहावा हिस्सा निवृत्तीच्या खात्यासाठीं मूळ वेतन व महागाई भत्ता यांतून कापला जातो. याशिवाय गाडी जितके किलोमीटर चालविली तितक्यांचा भत्ता निराळा. या भत्त्यास रेल्वेनें फार विचित्र स्थान दिलें आहे. तो निव्वळ भत्ता नव्हे. मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांइतका भाग महागाई भत्त्याच्या हिशेबांत वेतनच मानला जातो, आणि निवृत्तीच्या वेळीं हें प्रमाण ५५ टक्के धरतात. यामुळें चालकवर्गाचें उत्पन्न बरोबरीच्या कचेरींतील कारकुनाहून सहज वर जातें. पण चाकें फिरलीं तर किलोमीटर, आणि किलोमीटर झाले तर पैसा. आजारी पडून घरीं बसलेल्या महिन्यांत हें कुटुंबास बरोबर समजतें. पुढें मालगाडीचा लोको पायलट झाल्यावर मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतें. पण तेथवर पोंचण्यास किती वर्षें लागतील हें रिकाम्या जागांवर अवलंबून असतें.

एक आंकडा मात्र आम्हीं स्वतः कागदावर मांडून पाहिला. रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांतील प्रत्येक तासामागें १० मिनिटें अधिक धरून रात्रपाळीचा भत्ता देतात. तासाचा दर काढण्यास वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेस २०० नीं भागतात. वरील ३१,४४२ रुपयांस २०० नीं भागिलें तर तासास सुमारें १५७ रुपये, आणि १० मिनिटांचे सुमारें २६. नव्या सहायकाच्या एका तासाच्या जागरणास सरकारदरबारीं ही किंमत आहे.

हें जागरण कसें असतें, तें बाहेरच्यास सहसा ठाऊक नसतें. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत रेल्वेच्या चाळींतून कॉलमन हातांत कंदील व वही घेऊन फिरे, चालकाच्या दारावर थाप मारी आणि वहींत सही घेई. आतां ती थाप मोबाईलवर येते. पण रीत तीच: गाडीच्या आधीं साधारण दोन तास हांक येणार, आणि ती दुपारीं दोनला येईल कीं रात्रीं दोनला, हें मालगाडीवरच्या नव्या मुलास आदल्या दिवशीं नक्की सांगतां येत नाहीं. पंधरवड्यास १०४ तास कामाचा नियम आहे. हजेरीपासून सुटीपर्यंत सामान्यतः ११ तासांहून अधिक जाऊं नयेत, असाही नियम आहे. हजेरीच्या वेळीं मद्य घेतलें नाहीं याची श्वासाची परीक्षा होते. मग इंजिनांत चढल्यावर दोघांचें काम तोंडानें चालतें: सिग्नल दिसतांच एकानें त्याचा रंग मोठ्यानें म्हणावयाचा, दुसऱ्यानें हात करून तोच पुन्हां म्हणावयाचा. मनमाड ते भुसावळ सुमारें १८० किलोमीटर आहेत; तेवढ्यांत हें पाठांतर किती वेळां होत असेल, याची कल्पना आमच्या पाढे चुकविणाऱ्या विद्यार्थ्यांनीं करावी. शिवाय इंजिनांत एक जागृति-यंत्र असतें. चालकानें साठ सेकंद कोणतीही कळ हलविली नाहीं तर दिवा लागतो, नंतर घंटा वाजते, आणि तरीही हात हलला नाहीं तर ब्रेक आपोआप लागतो. यंत्रास चालकाच्या झोंपेची शंका येते, ती उगीच नव्हे.

मुक्कामाच्या गांवीं विश्रांतीसाठीं रनिंग रूम असते. खाट, पंखा व जेवण मिळतें. आठ तासांहून अधिक काम करून आपल्या मूळ ठिकाणीं परतलें, तर १६ तासांची विश्रांति ठरलेली आहे. आठवड्याच्या सुटीऐवजीं महिन्यांतून चार वेळां ३० तासांची किंवा पांच वेळां २२ तासांची विश्रांति देतात. चालकांच्या संघटनांचें म्हणणें असें कीं, ते १६ तास या ३० तासांत मिसळूं नयेत, दोन्ही मिळून ४६ तास द्यावेत. आमच्या मतें ही मागणी आळशाची नव्हे. विमानाकडे पाहा. २०२५ सालीं वैमानिकांची साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यांत आली आणि रात्रींचें उतरणें कमी करण्यांत आलें. त्या नियमांस पुरतील इतके वैमानिक वेळीं न नेमल्यामुळें डिसेंबर २०२५ मध्यें देशांतील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं, आणि शेवटीं त्या कंपनीस नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली. पगार कितीही भिन्न असला तरी जमिनीवरचा पायलट व आकाशांतला पायलट या एका बाबतींत शेजारी बसतात: दोघांच्याही झोंपेचा हिशेब दुसराच कोणी ठेवतो.

८ मे २०२० ची पहांट आपल्या भागांतील लोकांस आठवत असेल. टाळेबंदींत जालन्याहून आपल्या मुलखास पायीं निघालेले मजूर, गाड्या बंद आहेत असें समजून, त्या वेळच्या औरंगाबादजवळ करमाडनजीक रुळांवरच थकून निजले. आपल्या मनमाडजवळच्या पानेवाडीकडे येणारी तेलाच्या रिकाम्या टाक्यांची मालगाडी त्यांच्यावरून गेली. १६ जण मृत्यु पावले. चालकानें त्यांस पाहिलें होतें. त्यानें भोंगा वाजविला, गाडी थांबविण्याची खटपट केली, पण मालगाडी मोटारीसारखी जागच्या जागीं थांबत नाहीं. त्या दिवशीं इंजिनांतील दोघे जागे होते, कर्तव्यावर होते. तरीही जें त्यांच्या डोळ्यांसमोर झालें तें झालेंच. वेतनाच्या पत्रकांत याचा रकाना नाहीं. आणि मुलास या नोकरीस पाठविणाऱ्या आईबापांनीं हें आधींच ऐकून ठेवावें, म्हणून येथें लिहिलें.

आमच्या विद्यार्थिनींसाठीं एक निराळें नांव सांगावयाचें आहे. साताऱ्याच्या सेंट पॉल कॉन्व्हेंट शाळेंत शिकलेल्या व कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून विद्युत् अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या सुरेखा यादव या १९८९ सालीं सहायक चालक झाल्या. मालगाडी, घाटांतील गाडी, मुंबईची महिला विशेष, ८ मार्च २०११ रोजीं डेक्कन क्वीन, मार्च २०२३ मध्यें सोलापूर ते मुंबई वंदे भारत, असा त्यांचा क्रम. सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या कौतुकाच्या गर्दींत एक साधी गोष्ट विसरली जाते. इंजिनांत शौचालय बसविण्याचा पहिला प्रयोग आपल्या रेल्वेनें २०१६ सालीं केला. म्हणजे तोंवर त्यांची निम्म्याहून अधिक नोकरी झाली होती. आजही पुष्कळ इंजिनांत ती सोय नाहीं. तान्हेल्या मुलानें पाणी प्यावें, तसें या लोकांनीं मनसोक्त पाणी पिऊं नये, अशी त्यांची संवय होऊन बसते. पाण्याची टंचाई आपल्या गांवास परकी नाहीं. पण भरलेली बाटली जवळ असून न पिणें ही टंचाई निराळी.

ते पालक पुढें पुन्हां भेटले. मुलाचे डोळे तपासून आणले होते. ते ठीक निघाले. त्यांनीं पगाराविषयीं विचारलें, तें आम्हीं वरच्याप्रमाणें सांगितलें. मग आम्हीं विचारलें, "रात्रभर इंजिनावर बसून मुलगा सकाळीं दहाला घरीं आला, तर दुपारीं चारपर्यंत अंधार व शांतता राहील अशी खोली तुमच्या घरांत आहे काय?" त्यांचीं दोन खोल्यांचीं जागा, शेजारीं पिठाची गिरणी, आणि नळास पाणी आलें कीं साऱ्या आळीचा गलका. ते कांहीं वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, मागच्या खोलीची खिडकी बुजवितां येईल, पण पाण्याच्या दिवशीं काय करावें, तें घरांत विचारून सांगतों.