बीज सोडण्याआधी नदी ओळखा

पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली बनावट माशी गळाला लावून मासा धरायचा, हा खेळ आपल्याकडे इंग्रजांनी आणला. त्यासाठी 1900च्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत विलायतेतून आणलेल्या ट्राउटची पैदास सुरू झाली. ट्राउटला थंड पाणी लागते, त्यामुळे आपल्या भैंशाच्या ‘सुद्धा वागू’ नदीत तो जगणार नाही. पण ट्राउटच्या नद्यांनी उभा केलेला प्रश्न आपल्या नद्यांनाही लागू आहे. नदीत मासे वाढवायचे म्हणजे बाहेरून आणून सोडायचे का? माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच निघाला आहे.

कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले. तोच निळ्या परांचा ‘टॉर खुद्री’. धरणांमुळे तो घटू लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. हेतू अगदी चांगला होता आणि कामही मेहनतीचे होते. तिथली पिले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि मणभराहून जड होणारा. 1998 ते 2012 या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि उंचवट्याचा मासा जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. मन विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. जवळपास दीडशे वर्षे गळवाले ज्याच्या मागे होते, त्या माशाचे नेमके शास्त्रीय नाव 2018पर्यंत ठरले नव्हते. ‘टॉर रेमादेवी’ हे नाव निश्चित झाले त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. तो कोण आहे हे आधी ओळखले असते, तर त्याच्या घरात दुसरा मासा सोडताना कोणीतरी थांबले असते.

यावर कोणी म्हणेल, तळ्यात मत्स्यबीज सोडले नाही तर भोई काय खाणार? बरोबर आहे. तलावात राहू-कटला वाढवणे ही शेती आहे आणि ती व्हावी. पण शेतीला संवर्धन म्हणू नये आणि ते बीज वाहत्या नदीत टाकू नये. दुसरा आक्षेप दयेचा आहे. गळाने माशाला इजा होते, मग कॅमेराच पुरे. इजा होते हे खरेच. तरीही कावेरीची हानी मोजता आली ती गळवाल्यांच्या वह्यांमुळे, आणि गढूळ पाण्यातला मासा काठावरून टिपता येत नाही. श्रद्धेचा आधार मात्र मला मोलाचा वाटतो. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून मासे मारले जात नाहीत, म्हणून तिथे महाशीर टिकला. पण देवीचा धाक डोहापुरता असतो. विणीसाठी वरच्या अंगाला जाणाऱ्या माशाला सगळी नदी लागते.

आपल्या भागात हाच मुद्दा कळीचा आहे. भैंशाला ‘सुद्धा वागू’वर गड्डेन्ना प्रकल्प आहे, बासरच्या वर गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे आणि खाली श्रीरामसागर आहे. बाभळीचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2013चा निर्णय दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी होता, पण नेमक्या विणीच्या हंगामात तेवढी भिंत माशांच्याही वाटेतून हटते. त्या चार महिन्यांत वर कोणते मासे चढतात, हे भोयांच्या जाळ्यांना ठाऊक आहे, कागदाला नाही. बासर-भैंशाच्या फोटोग्राफरांनी या पावसाळ्यात पक्ष्यांकडून थोडा कॅमेरा वळवावा. जाळ्यातल्या प्रत्येक जातीचा एका कुशीवरून, पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावा, आणि त्याखाली तारीख, जागा आणि भोई त्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव लिहावे.