लॅपटॉप बाद झाला, असं कोण म्हणतं?

दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप वापरताय? मग ‘या कम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही’ अशा अर्थाचा मेसेज तुम्हालाही आला असेल. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. लॅपटॉप चालू होतो, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. नावनोंदणी केलीत तर मुदत जेमतेम वर्षभर वाढते. विंडोज ११ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतलाच प्रोसेसर हवा. कीबोर्ड धडधाकट, स्क्रीन झकास, तरी मशीन बाद!

लगेच घरी नव्या लॅपटॉपचा हट्ट धरू नका. मॅकओएस भारीच, पण तो ॲपलच्या मशीनसोबतच येतो आणि खिशाला झेपायला हवा ना! उरतो लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो सुरू केला. ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणताय? अहो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे!

लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं. पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करताच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. फोटोशॉप, ऑटोकॅड त्यावर थेट चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. प्रॅक्टिकलला काय लागतं, ते सरांना विचारा. बदलायचं ठरलंच, तर आधी बॅकअप!

कोणती सिस्टिम भारी, यावर कट्ट्यावर खुशाल भांडा. फक्त चालता लॅपटॉप भंगारात काढण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या.