पेशीतील एक कळ

रक्तातून आलेले इन्शुलिन पेशीच्या पटलावरील आपल्या ग्राही प्रथिनाला चिकटते आणि पुढचा निरोप आतली विकरे पोहोचवतात. त्यांपैकी पीआय३के हे विकर म्हणजे पेशीच्या वाढीची कळच होय. पटलातील एका स्निग्ध रेणूच्या टोकाशी सहा कार्बनांचे कडे असते, त्यातल्या तिसऱ्या कार्बनावर हे विकर एक फॉस्फेट बसवते, आणि एवढ्याशा बदलाने एकेटी नावाचे दुसरे विकर तिथे येऊन जागृत होते. स्नायूच्या पेशीत त्यामुळे ग्लुकोज आत घेणारी प्रथिने पृष्ठभागावर येतात. इतरत्र वाढीचा आणि विभाजनाचा हुकूम सुटतो. तिसऱ्या कार्बनावरील ही क्रिया लुईस कँटली यांच्या गटाने १९८८ साली उघड केली. तेच फॉस्फेट काढून कळ बंद करणारे पीटेन १९९७ साली हाती लागले, तेही कर्करोगात हरवलेले जनुक शोधताना.

या कळीचे सर्वांत नाजूक काम अंडाशयात चालते. जन्मतः मुलीच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख पुटिका, म्हणजे स्त्रीबीज सांभाळणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, सुप्त असतात आणि त्या किती सावकाश जाग्या होतात यावर प्रजननाचा काळ ठरतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या स्त्रीबीजांतून पीटेन काढून टाकले, तेव्हा सुप्त पुटिकांचा सगळा साठा एकदमच जागा झाला आणि ऐन तारुण्यात अंडाशय रिकामे पडले.

घरोघरी पीसीओडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात गुंता आणखी वाढतो. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते, परंतु अंडाशय दाद देतच राहते, आणि पुटिकेभोवतालच्या पेशी जास्त पुरुषी संप्रेरके बनवू लागतात. शिवाय ती संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही घटते. स्त्रीबीज बाहेर पडत नाही, पाळी महिनोन्‌महिने लांबते, आणि प्रोजेस्टेरॉनचा आवर न राहिल्याने गर्भाशयाचे अस्तर, मेदपेशींत तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनची त्यात भर पडून, वाढतच राहते. या अस्तराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात बहुसंख्य गाठींमध्ये पीटेनच बिघडलेले असते. लांबलेल्या पाळीची तक्रार ‘लग्न झाले की सुरळीत होईल’ म्हणून वाऱ्यावर सोडण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच घातक आहे.

कळच बंद करावी, हा उपाय साहजिकच सुचला. पीआय३केच्या जनुकात बदल झालेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी अल्पेलिसिब या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र गाठीबरोबर यकृतातील आणि स्नायूंतील कळही बंद पडत असल्याने अनेक रुग्णांची रक्तातील साखर चढते, साखर चढली की स्वादुपिंड इन्शुलिन ओतते, आणि औषधाने बंद केलेली गाठीतली कळ तेच इन्शुलिन पुन्हा उघडू पाहते. कँटली यांच्या गटाने २०१८ साली उंदरांमध्ये हा फेरा दाखवला, आणि या वर्गातील औषधाबरोबर अत्यल्प कर्बोदकांचा आहार दिला असता इन्शुलिन उतरून औषधाचा गुण वाढतो, हेही सिद्ध केले. त्याच अभ्यासात रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांना औषधाविना नुसता तो आहार दिला, तेव्हा मात्र त्यांचा रोग अधिकच बळावला.