‘काऊन केलं वं असं?’

कापूस वेचणीच्या दिवसांत मुकुटबन गावात पूर्ण बाह्यांचा शर्ट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मे महिन्यात कूलरसमोर बसलेली दहावीची पोरगी बाह्या खाली ओढत राहिली, तर मात्र आईला शंका येते. तिने स्वतःच केलेल्या जखमा दिसतात आणि तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘काऊन केलं वं असं?’ पोरगी गप्प. या गप्प राहण्याला हट्ट म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

त्याचं कारण मेंदूत आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग ऊर्मी आवरतो, पर्याय तोलतो, बेत बदलतो. पंचविशीपर्यंत तो घडतच असतो आणि नैराश्यात त्याला हे काम जड जातं. ते मोजण्याची एक चाचणी १९३५ पासून वापरात आहे, स्ट्रूप चाचणी. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापून शाईचा रंग विचारायचा. शब्द वाचून टाकण्याची ओढ रोखायला किती वेळ लागतो, त्यावरून मनाच्या ब्रेकचा अंदाज येतो.

मेंदूच्या रसायनांतही असा ब्रेक आहे. ग्लुटामेट पेशींना चेतवतं, गाबा त्यांना शांत करतं. गुडघ्याचा एमआरआय काढतात त्याच यंत्रावर, स्पेक्ट्रोस्कोपीने, सुई न टोचता ही रसायनं मोजता येतात. स्वतःला इजा करणाऱ्या नैराश्यग्रस्त मुलामुलींमध्येही असं मोजमाप झालं आहे. पण अभ्यासातले गट लहान आणि निष्कर्ष न जुळणारे, म्हणून स्कॅनवरून याचं निदान होत नाही. २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात शरीराची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे बीटा-एंडॉर्फिन आणि मेट-एन्केफॅलिन, कमी आढळली होती.

आता आईचा प्रश्न पुन्हा पाहा. ‘काऊन’चं, म्हणजे ‘का’चं, उत्तर द्यायचं तर भावना ओळखावी लागते, शब्द शोधावे लागतात, घडलेल्याचा क्रम लावावा लागतो. हे बरंचसं त्याच थकलेल्या भागाचं काम. म्हणून आधी जखम धुवावी, पाणी द्यावं, शेजारी बसावं. कारण काय, ते उद्या विचारता येईल. आज विचारायचं ते एवढंच, की मरून जावंसं वाटतं का. शांतपणे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

अशी पोरगी एकटीच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मुकुटबनहून शंभरेक किलोमीटरवर आहे. रात्री एसटी मिळेलच असं नाही, पण १४४१६ वर ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनचा समुपदेशक कोणत्याही वेळी, फुकट आणि मराठीत बोलतो. आईनेही लावावा तो नंबर.