भाला, बंदूक आणि फासकी: शिकारीच्या नीतीबद्दलचे काही गैरसमज

मोठ्या जनावरांच्या शिकारीवर वाद सुरू झाला की एक म्हणणं हमखास पुढे येतं. पूर्वी माणूस भाला घेऊन समोरासमोर जायचा, नंतरचे लोक दुर्बिणीच्या बंदुकीनं लांबून मारू लागले. म्हणून जुनी शिकार मर्दुमकीची आणि नवी भ्याडपणाची. याच्या उलट बाजूचे लोकही तितकेच ठाम असतात. बंदूकवाले शिकारी नियम पाळणारे होते, रान संपवलं ते फासे आणि जाळी लावणाऱ्यांनी, असं ते सांगतात. एकजण हत्याराचं वय पाहून निकाल देतो, दुसरा हत्यार धरणाऱ्याची ऐपत पाहून. जनावर किती वेळात मेलं, त्याला सुटायला वाट होती का, आणि नको ते जनावर त्यात सापडलं का, हे दोघंही विचारत नाहीत. माझ्या मते नीतीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

“जुनी शिकार म्हणजे बरोबरीची झुंज”

अशी झुंज क्वचितच होत असे. जुन्या मोठ्या शिकारीचा कणा होता हाका. १५६७ साली अकबरानं लाहोरजवळ केलेली कमरगाह शिकार प्रसिद्ध आहे. हजारो माणसांनी रान वेढलं, कित्येक दिवस तो वेढा आवळत जनावरं आत लोटली, आणि मग बादशाह त्या कोंडलेल्या कळपांत शिरला. ‘अकबरनामा’च्या चित्रांत हा प्रसंग रंगवलेला आहे. हत्यारं तलवार, भाला, बाण अशी सगळी पारंपरिक. पण आत अडकलेल्या हरणाला वाट कुठेच नव्हती. साधे शिकारीही खड्डे खणत, पाणवठ्यावर दबा धरत, वणवा लावून जनावरं बाहेर काढत, बाणाला विष लावत. यातल्या कशालाच झुंज म्हणता येत नाही.

चित्त्याकरवी होणारी काळविटाची शिकार तर देशी परंपरेचा अभिमान म्हणून सांगितली जाते. कोल्हापूरच्या चित्तेवानांचं कसब खरोखर मोठं होतं. पण चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नाही, त्यामुळे शिकारीसाठी पाळलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असे. ही उचल कित्येक शतकं चालली. गवताळ माळ नांगराखाली गेले, हरणं घटली, आणि विसाव्या शतकात भारतात चित्ते इतके दुर्मिळ झाले की कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९४७ साली कोरिया संस्थानात रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले गेले. भारतातले शेवटचे देशी चित्ते म्हणून त्यांचीच नोंद सांगितली जाते. त्या मोटारीच्या दिव्यांचा राग यायलाच हवा. मात्र तोवर चित्त्याची संख्या इतकी खाली आणण्यात जुन्या, दरबारी, नजाकतीच्या शिकारीचाही वाटा होता.

“बंदूक आली आणि जुन्या पद्धती मागे पडल्या”

उलट दोन्ही एकत्र आल्या, आणि खरा संहार तेव्हा झाला. डिसेंबर १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. शेकडो हत्तींनी वाघाभोवती कडं करायचं ही तिथली जुनी पद्धत. त्या कड्याच्या आत हौद्यातून चालणारी रायफल नवी. दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. मध्य भारतातल्या संस्थानांत हेच घडत होतं. सरगुजाच्या महाराजांनी स्वतःच सांगितलेला आकडा अकराशेहून अधिक वाघांचा आहे. नुसत्या भाल्यानं हे शक्य नव्हतं, आणि रान उठवणारी शेकडो माणसं नसती तर नुसत्या रायफलनंही नाही.

ही माणसं कोण होती? आसपासच्या गावांतली, बरीचशी वेठीला धरलेली. मचाण किंवा हौदा साहेबासाठी. जखमी वाघ उलटला तर पायी चालणारा हाकेकरी त्याच्या तोंडी जायचा. शिकारीच्या नीतीची चर्चा जनावरापाशीच थांबते आणि या माणसांचा विषय निघतच नाही, हे मला फार खटकतं.

“धनुष्यबाण बंदुकीपेक्षा दयाळू”

इथे नीतीच्या दोन कसोट्या एकमेकींच्या आड येतात. एक म्हणते, जनावराला निसटण्याची खरी संधी हवी. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकारानं १८८७ साली निघालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं हाच आग्रह धरला. दुसरी म्हणते, मारायचंच असेल तर मरण झटपट यावं. धनुष्यानं शिकार करणाऱ्याला जवळ जावं लागतं, म्हणजे पहिल्या कसोटीवर ते उजवं. पण बाण वर्मी लागला नाही तर जनावर घायाळ होऊन तासन् तास फिरतं. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेर सेसिल हा सिंह असाच मेला. त्याला आमिष दाखवून आणलं होतं, आणि बाण एका हौशी परदेशी शिकाऱ्यानं मारला. सेसिलच्या गळ्यात संशोधकांची कॉलर होती. तिच्या नोंदींवरून तो घायाळ अवस्थेत दहा-बारा तास जिवंत होता असा अंदाज काढला गेला. ते धनुष्यही कारखान्यात बनलेलं, कप्प्यांचं आधुनिक धनुष्य होतं. आकार तेवढा जुना.

कलाहारीतले सान लोकही एका किड्याच्या अळीचं विष बाणाला लावतात, आणि मोठं जनावर मरायला कधी कधी दिवस उलटतो. ते त्याचा माग सोडत नाहीत, मांस वाया घालवत नाहीत, भिंतीवर मुंडकं टांगत नाहीत. त्यांच्या शिकारीला माझ्या मनात वेगळी जागा आहे. पण ती जागा त्यांच्या गरजेमुळे आणि संयमामुळे आहे. त्यांच्या बाणानं जनावराला कमी दुखतं असं नाही.

नेम चुकलेल्या बंदुकीची किंमत आपल्या देशानं वेगळ्या तऱ्हेनं मोजली. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. तिचे उजवीकडचे सुळे मोडलेले होते, आणि त्याचं कारण जुनी बंदुकीची जखम हेच कॉर्बेट यांनी नोंदवलं. जखमी जनावर सोडून घरी परतणाऱ्या एका शिकाऱ्यामुळे डोंगरातल्या गावांनी वर्षानुवर्षं माणसं गमावली.

“कायद्यानं बंदूकवाल्यांना सोडलं, पारंपरिक शिकाऱ्याला धरलं”

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मूळ रूपात वाचला तर आश्चर्य वाटतं. तेव्हा काही जनावरांच्या शिकारीला परवाना मिळत असे, आणि शिकार कशी करू नये याची यादी कलम १७ मध्ये होती. मोटारीतून नको, विमानातून नको, कृत्रिम उजेडात नको. तसंच जाळी, खड्डे, विष, विषारी हत्यारं, स्फोटकं, वणवा नको. पाणवठ्यावर किंवा जनावरं चाटायला येतात त्या खारट मातीच्या जागी दबा धरून मारणंही नको. मोठ्या जनावरासाठी मात्र रायफलच हवी, कारण हलक्या हत्यारानं ते जखमी होऊन पळतं. जुनं-नवं असा भेद या यादीत कुठेच नाही. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपली आणि हे कलमही गेलं.

पोटासाठी मारलेलं सांबर आणि दिवाणखान्यासाठी मारलेला वाघ यांत फरक आहेच. फासेपारधी समाजावर ब्रिटिशांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि आजही कुठे शिकार झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो, हाही अन्यायच. पण म्हणून आज रानात लागणाऱ्या प्रत्येक फाशाला परंपरेचं नाव देणं बरोबर नाही. आजची फासकी बहुतेक वेळा दुचाकीच्या क्लच वायरची असते. ती रानडुकरासाठी लावतात आणि कोकणात तिच्यात बिबट्या सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तार कमरेला बसते, जनावर जितकं ओढतं तितकी ती रुतते, आणि लावणारा घरी झोपलेला असतो. विदर्भात शेताच्या तारेत सोडलेला करंट हा त्याहून वाईट प्रकार. ‘जय’ या गाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड भागात असाच गेला. बंदूकधारी निदान समोर काय आहे ते पाहतो. तार बिबट्या, वाघ, गाय, शेजारचा शेतकरी, कुणालाच ओळखत नाही. निवड न करणारं साधन माझ्या दृष्टीनं सगळ्यांत अनैतिक, मग ते कितीही जुनं असो.

“नरभक्षक मारणं ही पण शिकारच”

शब्दानं ती शिकारच, पण कायदा तिला परवानगी देतो ती शेवटचा उपाय म्हणून. कलम ११ प्रमाणे वाघासारख्या प्राण्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री व्हावी लागते आणि तसा लेखी आदेश लागतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा वाद याच मुद्द्यांवर पेटला. बेशुद्धीचा डार्ट खरोखर आधी मारला होता का? रात्री मोहीम का? ज्या गावांनी माणसं गमावली त्यांचं भय खरं होतं, आणि हे प्रश्नही खरे होते. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठीही परवानगीची वाट याच कलमात आहे. ती संथ आहे, शेतकऱ्याला जिकिरीची वाटते, आणि ती सुटसुटीत करणं हे सरकारचं काम आहे.

कायद्याच्या व्याख्येत फासा लावणं, आमिष ठेवणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच मोडतं. जनावर मरायलाच हवं असं नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. फासकी दिसली तर जागा लक्षात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. तिच्यात जिवंत जनावर असेल तर जवळ जाऊ नये आणि गर्दी होऊ देऊ नये, कारण माणसं दिसली की ते धडपडतं आणि तार आणखी रुतते.